मराठीत नसलेलं क्रियापद: हॅव

'आहे रे' आणि 'नाही रे' हे शब्द मराठी वाचकाला नवे नाहीत. अग्रलेखात, भाषणात, परीक्षेच्या निबंधात ते ठरल्या जागी हजर असतात. ज्यांच्यापाशी आहे ते 'आहे रे', ज्यांच्यापाशी नाही ते 'नाही रे'. मूळ इंग्रजी शब्द 'हॅव्ज' आणि 'हॅव-नॉट्स'. ज्या कोणी हा अनुवाद पहिल्यांदा केला असेल, त्याने बराच वेळ डोकं खाजवलं असणार. कारण 'हॅव'ला मराठीत सरळ क्रियापदच नाही. शब्दकोशात 'बाळगणे' सापडतं, पण 'बाळगणारे आणि न बाळगणारे' असं लिहिलं की कुठेतरी गावठी कट्टा पकडल्याची बातमी वाटते. मग त्या माणसाने साधं 'आहे' उचललं, त्याला आपल्या हाकेतला 'रे' जोडला आणि प्रश्न मिटवला. इतका नेटका अनुवाद क्वचितच होतो.

पण त्याने मिटवलेला प्रश्न आपल्याला रोज छळतो. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दांची यादी केली तर 'हॅव' पहिल्या दहांत येतं. त्याशिवाय इंग्रजीत चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. शाळेत दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेली, कार्यालयात रोज इंग्रजीत पत्रव्यवहार करणारी माणसंही त्यात अडखळतात. त्याचं कारण हुशारी कमी पडते हे नव्हे. जे काम इंग्रजी या एका क्रियापदाकडून करून घेते, ते मराठी वेगळ्याच वाटेने करते, आणि ती वाट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती वेगळी आहे हेच लक्षात येत नाही.

आपल्याकडे 'मी' बाजूला उभा असतो

ही वाक्यं बघा. माझ्याकडे गाडी आहे. माझ्याजवळ पाचशे रुपये आहेत. मला दोन बहिणी आहेत. माझ्यात तेवढी हिंमत नाही. आमच्या घराला चार खिडक्या आहेत. इंग्रजीत या पाचही ठिकाणी 'हॅव' येईल. मराठीत पाचही ठिकाणी 'असणे' आहे, आणि त्या असण्याचा कर्ता मी नाही. गाडी 'आहे', रुपये 'आहेत', बहिणी 'आहेत'. क्रियापद त्या वस्तूच्या किंवा माणसाच्या वचनाप्रमाणे चालतं. मी नुसता बाजूला उभा: माझ्याकडे, माझ्याजवळ, मला, माझ्यात. इंग्रजीत मात्र 'आय' छाती काढून पुढे येतो आणि सगळं मुठीत धरतो.

खरी गंमत आपल्या प्रत्ययांत आणि शब्दयोगी अव्ययांत आहे. रिक्षावाल्याला 'माझ्याजवळ सुटे नाहीत' म्हटलं तर ते आत्ता, या खिशात नाहीत. 'माझ्याकडे गाडी आहे' म्हणताना गाडी घराखाली उभी असली तरी चालते. पण 'मला दोन भाऊ आहेत' याऐवजी 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हणालात, तर समोरचा विचारेल, 'किती दिवस राहणार आहेत?' नातं 'मला' असतं, पाहुणा 'माझ्याकडे' असतो. तापही 'मला' असतो, 'माझ्याकडे' नसतो. खिडक्या घरा'ला', शिंगं गाई'ला', धमक माणसा'त'. शिवाय पैसा गाठीला, मुलं पदरी आणि सत्ता हाती. कोणती गोष्ट माणसाला कुठे चिकटते, याचा एवढा बारीक हिशेब आपण बोलता बोलता करतो. इंग्रजीने तो हिशेब ठेवलाच नाही. बहीण, ताप, गाडी, खिडकी, हिंमत, सगळं एकाच गाठोड्यात.

यात आपण एकटे नाही. संस्कृतात 'मम पुत्रः अस्ति', म्हणजे माझा मुलगा आहे. हिंदीत 'मेरे पास'. रशियन माणूसही 'माझ्यापाशी आहे' याच धर्तीवर बोलतो, फिनिश आणि अरबी माणूसही. तेव्हा 'हॅव' नसणं ही मराठीतली काही उणीव नव्हे. जगातल्या पुष्कळ भाषांचा संसार त्याच्यावाचून नीट चालला आहे.

मूळ अर्थ: पकड

या क्रियापदाचा स्वभाव कळण्यासाठी त्याचं कूळ थोडं बघावं लागेल. जुन्या इंग्रजीत ते 'हब्बन' होतं. त्याच्याही मागे गेलं की एक धातू लागतो, ज्याचा अर्थ 'पकडणे, धरणे' आणि ज्याची सुरुवात 'क'ने होते. लॅटिनमध्ये तो 'क' शाबूत राहिला: 'कापेरे', म्हणजे पकडणे. 'कॅप्चर', 'कॅप्टिव्ह', 'कपॅसिटी' हे शब्द त्याचेच. इंग्रजी आणि जर्मन ज्या शाखेतून आल्या त्या शाखेत मात्र मूळच्या 'क'चा 'ह' झाला. हा बदल इतका शिस्तीत झाला आहे की त्याचा नियम मांडता येतो, आणि तो याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडला. हो, परीकथा जमवणाऱ्या दोन ग्रिम बंधूंपैकी तेच. लॅटिनमध्ये शंभराला 'केंटुम' म्हणतात, इंग्रजीत 'हंड्रेड'. क आणि ह. आपल्याकडे त्याच शब्दाचं 'शत' झालं.

इथे एक चकवा आहे. 'हेबियस कॉर्पस' हा शब्द आपण कोर्टाच्या बातम्यांत वाचतो. मराठीत बंदी प्रत्यक्षीकरण. त्यातलं 'हेबियस' लॅटिन 'हाबेरे'पासून आलं, आणि 'हाबेरे'चा अर्थही 'जवळ असणे'च. उच्चार सारखा, अर्थ सारखा, मग 'हॅव' त्यातूनच आलं असणार, असं कोणालाही वाटेल. पण नाही. ग्रिम यांचा नियम लावला तर लॅटिनमधला 'ह' इंग्रजीत 'ह' म्हणून उतरूच शकत नाही. 'हाबेरे'चा इंग्रजीतला भाऊबंद म्हणून अभ्यासक बोट दाखवतात ते 'गिव्ह'कडे. म्हणजे चेहरा जुळतो पण सोयरीक नाही, आणि सोयरीक आहे ती थेट उलट अर्थाच्या देण्याशी. 'हॅव'चा सख्खा शब्द हवा असेल तर तो 'हेवी': जे धरायला, उचलायला जोर लागतो ते.

'हॅव' म्हणजे मुळात मुठीत धरणं, एवढं मनात ठेवलं तर पुढची बरीच कोडी सुटतात.

'हॅविंग'चं दुखणं

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की त्याला भारतीय इंग्रजीची खूणच म्हणायला हरकत नाही. यावर हसणारे हसतात. मला मात्र त्यामागचं गणित आवडतं, कारण ते अगदी मराठी गणित आहे. शाळेत शिकवलं: आहे म्हणजे इज, ॲम, आर. आता 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यात 'आहेत' ठळक ऐकू येतंय, तर 'ॲम' यायलाच हवा. दुसरीकडे बाईंनी सांगितलंय की 'हॅव' वापरा. मग दोन्ही घेतले. 'ॲम'च्या शेजारी 'हॅव' नुसतं कसं उभं राहणार, म्हणून त्याला 'इंग' लावलं. 'मला माहीत आहे' याचं 'आय ॲम नोइंग' होतं तेही बहुधा याच हिशेबाने.

व्याकरणाची पुस्तकं सांगतात की 'हॅव' जेव्हा स्थिती दाखवतं तेव्हा त्याला 'इंग' लागत नाही, आणि घटना दाखवतं तेव्हा लागतं. बरोबर आहे, पण बोलताना स्थिती की घटना याचा विचार करत कोण बसतं? त्यापेक्षा एक देशी कसोटी सांगते. त्या गोष्टीपुढे 'चाललंय' किंवा 'होतंय' लावून बघा. जेवण चाललंय. पार्टी चाललीय. मीटिंग चाललीय. गुडघ्याचा त्रास होतोय. या सगळ्यांना 'हॅविंग' खुशाल चालतं: वी आर हॅविंग लंच, वी आर हॅविंग अ मीटिंग, आय ॲम हॅविंग ट्रबल विथ माय नी. आता 'भाऊ चाललाय' म्हणून बघा. तो कुठेतरी निघालाय. 'गाडी चाललीय' म्हणजे रस्त्यावरून. मालकीचा अर्थ उरतच नाही. तेव्हा भावाला आणि गाडीला 'हॅविंग' नाही. आय हॅव अ ब्रदर, आय हॅव अ कार, आणि पुढे पूर्णविराम.

ही नुसती व्याकरणाची शिस्त नाही, अर्थच बदलतो. 'शी हॅज अ बेबी' म्हणजे तिला बाळ आहे. 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे तिला बाळ होणार आहे, किंवा या घडीला ती प्रसूतिगृहात आहे. एका 'इंग'ने बारसं आणि डोहाळजेवण यांची अदलाबदल होते. तसंच 'वी हॅव गेस्ट्स' म्हणजे पाहुणे येऊन बसलेत, आवाज कमी करा. 'वी आर हॅविंग गेस्ट्स टुनाइट' म्हणजे रात्री येणार आहेत, अजून कांदा चिरायचाय.

माझं मत विचाराल तर बोलताना 'आय ॲम हॅविंग' गेलं तोंडातून तर जीव टाकण्यासारखं काही नाही. समोरच्याला कळतं. लेखी अर्जात मात्र ते खटकतं, आणि अर्ज वाचणारा ते तुमच्या हुशारीच्या खात्यात मांडतो. हा अन्याय आहे, पण मांडतो.

चहा 'टेक' की 'हॅव'?

आपण चहा 'घेतो', म्हणून 'विल यू टेक टी?' असं विचारतो. इंग्रजीत इथे 'हॅव' जास्त सहज येतं: विल यू हॅव सम टी? खाण्यापिण्याच्या बाबतीत 'हॅव' म्हणजे घेणे. नाश्ता, जेवण, आणखी एक पोळी, सगळं 'हॅव'. औषध मात्र 'टेक'. आंघोळीला ब्रिटिश माणूस 'हॅव' म्हणतो आणि अमेरिकन 'टेक', त्यामुळे 'टेक अ बाथ'वरून कोणी टोकलं तर ऐकून घेऊ नका. मधला 'अ' तेवढा गाळू नका.

याच चालीवर इंग्रजीत एखाद्या छोट्या कृतीची पुडी बांधून दिली जाते. हॅव अ लुक: जरा बघ. हॅव अ ट्राय: करून तर बघ. हॅव अ सीट: बसा. आपण 'जरा' किंवा 'तर' घालून वाक्य जसं मऊ करतो, तसं ते 'हॅव अ' घालून करतात. साहेब केबिनमधून डोकावून 'कॅन आय हॅव अ वर्ड?' म्हणाले तर दोन शब्द बोलायचेत, एवढाच त्याचा अर्थ, पोटात गोळा आला तरी. पण 'दे हॅड वर्ड्स' असं अनेकवचनात आलं की बोलाचाली झाली, शब्दाला शब्द लागला. एकवचनात चर्चा, अनेकवचनात भांडण.

हरवलेल्या किल्ल्या जवळ कशा असतील?

आता अवघड भाग. 'आय हॅव रिटन अ लेटर' यात 'हॅव' काय करतंय? मी पत्र लिहिलंय, यात मालकीचा काय संबंध?

संबंध होता. फार पूर्वी हे वाक्य 'आय हॅव अ लेटर रिटन' या घाटाचं होतं. माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेलं. मासा आहे, पकडलेला. वस्तू खरोखर हातात होती आणि 'लिहिलेलं', 'पकडलेला' ही तिची विशेषणं होती. मग शब्दांची जागा हळूहळू सरकली, आणि लोकांचं लक्ष हातातल्या वस्तूवरून संपलेल्या कामावर गेलं. शेवटी 'हॅव' हा नुसता शिक्का उरला: काम झालंय. आज 'आय हॅव लॉस्ट माय कीज' म्हणताना हरवलेल्या किल्ल्या जवळ कशा असतील, असा प्रश्न कोणाला पडत नाही.

मराठीनेही भूतकाळ असाच विशेषणातून घडवला, फक्त दुसरं दार उघडून. 'त्याने पत्र लिहिलं', 'त्याने चिठ्ठी लिहिली', 'त्याने निबंध लिहिला'. क्रियापद लिहिणाऱ्याप्रमाणे बदलत नाही, लिहिलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. आणि हा 'ने' कोणता? 'सुरीने कापलं' यातला तोच, तृतीयेचा. मुळात 'तेन पत्रं लिखितम्': त्याच्याकडून पत्र लिहिलं गेलेलं. इंग्रजी म्हणाली 'माझ्यापाशी लिहिलेलं', आपण म्हणालो 'माझ्याकडून लिहिलेलं'. एका दूरच्या पूर्वज भाषेच्या या दोन नाती. एकीने मालकी पुढे केली, दुसरीने हात.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की त्यातून वापराचा नियम आपोआप निघतो. 'हॅव' लावलेल्या भूतकाळात वस्तू अजून हातात असल्याचा वास शिल्लक आहे. काम झालं, आणि त्याचा परिणाम आत्ता इथे आहे. म्हणून संपून गेलेली वेळ नाव घेऊन सांगितली की 'हॅव'ला जागा नाही. 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' चुकतं ते यामुळे. काल संपला, मूठ उघडली. 'आय सॉ हिम यस्टर्डे' एवढं पुरे. आपण फसतो कारण मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' हे वाक्य ठणठणीत आहे. आपला 'य' आणि त्यांचं 'हॅव' सारखे दिसतात, पण काल, परवा, 2019 साली, सकाळी आठला अशा शब्दांशी आपल्या 'य'चं वैर नाही. त्यांचं आहे. कोणी 'हॅव यू बीन टू दिल्ली?' असं विचारलं तर 'येस, आय हॅव' म्हणा. 'कधी?' विचारलं की लगेच 'हॅव' सोडा: आय वेंट इन 2019.

दुसरी जागा याहून निसरडी. 'मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहतो.' मराठीत वर्तमानकाळ, कारण अजून राहतोच आहे. त्यावरून आपण बनवतो 'आय ॲम स्टेइंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स'. इंग्रजीचं म्हणणं असं की दहा वर्षं तुमच्या गाठीला जमा झाली आहेत ना, मग 'हॅव' लावा: आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स. 'सिन्स'ऐवजी 'फॉर' का? कारण 'सिन्स'ला सुरुवातीचा खांब लागतो, 2015 किंवा लग्न झाल्यापासून. 'फॉर'ला लांबी लागते, दहा वर्षं, तीन तास. आपला 'पासून' दोन्ही ओझी उचलतो, '2015 पासून'ही आणि 'दहा वर्षांपासून'ही, म्हणून गोंधळ. आणि 'हॅव' टाकून नुसतं 'आय लिव्ड इन ठाणे फॉर टेन इयर्स' म्हणालात, तर तुम्ही ठाणं सोडलं असं ऐकणारा धरून चालतो.

'हॅड हॅड' पाहून टंकलेखनाची चूक वाटते, पण ते बरोबर असतं. पहिलं 'हॅड' शिक्का, दुसरं खरं क्रियापद. 'आय हॅड हॅड माय लंच बिफोर ही केम': तो यायच्या आधी माझं जेवण झालं होतं. या जोडीवरून इंग्रजीत एक जुनं कोडं आहे. जेम्स आणि जॉन परीक्षेला बसले. जॉनने उत्तरात एक 'हॅड' लिहिलं, जेम्सने दोन. बाईंना जेम्सचं आवडलं. हे एका वाक्यात सांगायचं: 'जेम्स, व्हाइल जॉन हॅड हॅड "हॅड", हॅड हॅड "हॅड हॅड", "हॅड हॅड" हॅड हॅड अ बेटर इफेक्ट ऑन द टीचर.' मोजा, ओळीने 11 'हॅड' आहेत, आणि विरामचिन्हं काढून टाकली की कोणाच्या बापाला कळणार नाही. असल्या वाक्याचा उपयोग शून्य, पण लहान मुलांना शिकवायला झकास.

'हॅफ्टू' आणि न येण्याचे दोन प्रकार

'आय हॅव अ लेटर टू राइट': माझ्यापाशी एक पत्र आहे, लिहायचं राहिलेलं. हेही सरकत सरकत 'आय हॅव टू राइट अ लेटर' झालं, आणि हातातलं काम डोक्यावरची सक्ती बनलं. बोलताना हे 'हॅव टू' राहत नाही, 'हॅफ्टू' होतं. 'हॅज टू'चं 'हॅस्टू'. हे कानाला माहीत असावं, कारण 'आय हॅव टू पेन्स' यातला दोनवाला 'टू' वेगळा असतो आणि तिथे 'व' तसाच वाजतो.

'मस्ट' आणि 'हॅव टू' दोन्ही सक्तीचे. पण 'मस्ट'ला भूतकाळ नाही. 'मला जावं लागलं' म्हणायचं तर 'आय हॅड टू गो' हाच रस्ता. होकारात दोघे जवळपास सारखे, नकारात मात्र दोन टोकांना. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे येऊ नका, मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे नाही आलात तरी चालेल. मराठीत हा फरक आपण एका 'नको'ने सांभाळतो. 'तुम्ही यायला नको, मीच येतो' हा मोठेपणा झाला; 'तुम्ही येऊ नका' ही थोबाडीत. इंग्रजीत पत्र लिहिताना आजारी काकांना मोठेपणा दाखवायचा होता आणि हातून 'मस्ट नॉट' गेलं, तर घरात अबोला ठरलेला.

याच घरातला आणखी एक फसवा माणूस म्हणजे 'हॅड बेटर'. दिसायला भूतकाळ, असतो आत्ताचा. 'यू हॅड बेटर टेक ॲन अंब्रेला': छत्री घे बाबा, नाहीतर भिजशील. त्यात कायम एक 'नाहीतर' दडलेला असतो. मुलाला, मित्राला ठीक. पण साहेबांना 'यू हॅड बेटर साइन टुडे' लिहिणं म्हणजे 'आज मुकाट्याने सही करा, नाहीतर बघा' असं लिहिणं. आपल्याला म्हणायचं असतं 'आज सही झाली तर बरं होईल'. त्यासाठी साधं 'इट विल बी गुड इफ' चांगलं.

केस कोणी कापले?

'मी आज केस कापले.' मराठीत हे ऐकून कोणी आरशासमोर कात्री घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणत नाही. केस न्हाव्याने कापले हे सगळ्यांना ठाऊक असतं. तसंच 'आम्ही दिवाळीआधी घराला रंग दिला', 'मी ब्लाउज शिवला'. नेमकं सांगायचं तर 'कापून घेतले', 'शिवून घेतला' म्हणतो, पण सहसा गरज पडत नाही. इंग्रजी इथे हट्टी आहे. 'आय कट माय हेअर' म्हणजे मी स्वतः, माझ्या हाताने. दुसऱ्याकडून करवून घेतलं असेल तर 'आय हॅड माय हेअर कट'. 'वी हॅड द हाउस पेंटेड'. शब्दांचा क्रम बघा: हॅव, मग वस्तू, मग झालेलं काम. हा तोच जुना घाट, 'माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेलं', ज्यातून 'आय हॅव रिटन' निघालं. इथे क्रम जुना राहिला आणि अर्थ वेगळ्या दिशेला गेला.

आणि मग हाच साचा उलटा फिरतो. 'आय हॅड माय वॉलेट स्टोलन ऑन द ट्रेन.' सुपारी देऊन स्वतःचं पाकीट मारून घेतलं असा त्याचा अर्थ नाही. माझं पाकीट मारलं गेलं. करवून घेतलेलं आणि सोसलेलं, दोन्हींना एकच रचना. कोणतं ते शहाणपणाने ओळखायचं. फसवलं गेल्यावर इंग्रज म्हणतो, 'आय हॅव बीन हॅड'. म्हणजे या वेळी मूठ दुसऱ्याची आणि आत मी.

राहिली चिल्लर. बोलताना 'हॅव'चा नुसता 'व्ह' उरतो, 'हॅज'चा 'ज' किंवा 'स', 'हॅड'चा 'ड'. त्यामुळे 'हीज गॉन' यात 'हॅज' असतं आणि 'हीज गोइंग' यात 'इज', आणि 'आयड' ऐकल्यावर ते 'आय हॅड' की 'आय वुड' हे पुढचा शब्द येईपर्यंत ठरत नाही. आपण यात गोंधळलो तर लाज वाटून घ्यायचं कारण नाही. 'शुड हॅव'चं 'शुड्व्ह' ऐकून ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशी माणसंही ते सर्रास 'शुड ऑव्ह' असं लिहितात, आणि त्यांचे शिक्षक ते लाल शाईने खोडत बसतात.